सोलर, इलेक्ट्रिक जिप्सी की झाडं? त्याआधी पाहुणा कसा येतो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ, राहत्या घराला लागून तुमच्या सहा खोल्या आहेत. भावाची जिप्सी सफारीला लागते. पुण्याच्या एका प्रवास कंपनीने तुम्हाला फॉर्म पाठवलाय. एका पाहुण्याच्या एका रात्रीमागे किती कार्बन उत्सर्जन होतं ते लिहा आणि पुढच्या हंगामापर्यंत ते कमी करून दाखवा, असं त्यात म्हटलंय. तुमच्या हाताशी तीन लाख रुपये आहेत. ते सोलरमध्ये घालावेत, इलेक्ट्रिक जिप्सीसाठी ठेवावेत, की शंभर झाडं लावून मोकळं व्हावं, हे तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो. सुरुवात राइस मिलपासून झाली. मग पेंच, नागझिरा आणि ताडोबाच्या भोवतालचे लॉज अन् होमस्टे हातात आले. वीज, डिझेल, सिलिंडर कुठे किती जातं ते मोजायचं आणि कुठे वाचेल ते सांगायचं, एवढंच काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टींपैकी पहिली करण्यासारखी एकही नाही. का, ते आकड्यांनीच दाखवतो. पुढे मी नुसतं ‘किलो’ म्हणेन तिथे कार्बन डायऑक्साइडचे किलो समजा.

मुंबईहून विमानाने आलेलं चौघांचं कुटुंब घ्या. दोन खोल्या, दोन रात्री, दोन सफाऱ्या. मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर. मी एका प्रवाशामागे एका बाजूचे ७० किलो धरतो. चौघांचे जाऊन-येऊन ५६० झाले. नागपूर विमानतळावरून तुमच्याकडे दीडशे किलोमीटर. टॅक्सी त्यांना सोडून रिकामी परत जाते, न्यायला पुन्हा रिकामी येते, म्हणजे एकूण सहाशे किलोमीटर. लिटरला बारा धरले तर पन्नास लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो, म्हणजे हे १३५ झाले. आता तुमच्या आवारात या. जिप्सी एका सफारीत पन्नासेक किलोमीटर फिरते, पाच लिटर पेट्रोल पिते, लिटरमागे २.३ किलो. दोन सफाऱ्यांचे २३, जरा सढळ हाताने २४ धरू. दीड टनाचा एसी उन्हाळ्यात रात्रभर चालला तर दहा-अकरा युनिट खातो. आपल्याकडची वीज बहुतांशी कोळशावरची, त्यामुळे युनिटमागे साधारण ०.७ किलो. दोन खोल्या, दोन रात्री, जरा सढळ हाताने ३२ किलो. स्वयंपाकाचा गॅस चौघांमागे दोन दिवसांत दोन किलो धरा, त्याचे ६.

बेरीज ७५७. त्यातले ६९५ नुसत्या येण्याजाण्याचे. शंभरातले नव्वदाहून जास्त किलो पाहुणा तुमच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी किंवा तिथून निघाल्यावर होतात.

हेच कुटुंब रेल्वेने आणा. आपल्याकडचा हा सगळा मार्ग विजेवर चालतो. वातानुकूलित डबा आणि जरा सढळ हिशेब धरला तरी चौघांचे मुंबईहून जाऊन-येऊन शंभराच्या आसपास होतात. चंद्रपूर स्टेशनवरून तुम्ही गाडीने आणलं, परत सोडलं, तर आणखी तीसेक किलो. तुमच्या आवारातले ६२ मिळवले की एकूण १९५च्या घरात. म्हणजे पाऊणशे टक्के घट झाली, आणि तुमच्या घरात एक खिळासुद्धा ठोकावा लागला नाही.

आता तिसरं कुटुंब बघा, नागपूरचं. स्वतःच्या मोटारीने आले, जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर, वीसेक लिटर पेट्रोल, ४६ किलो. आवारातले तेच ६२. एकूण १०८. इथे मात्र तुमच्या खोलीचा आणि जिप्सीचा वाटा निम्म्याहून जास्त.

म्हणूनच तुमच्या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. तुमचे पाहुणे कोण आहेत यावर ते अवलंबून आहे. शनिवार-रविवारी नागपूर, यवतमाळ, अमरावतीची मंडळी जास्त येत असतील तर खोलीतला एसी आणि जिप्सी यांच्याकडे आधी बघावं लागेल. मुंबई-पुण्याचे विमानाने येणारे निम्मे जरी असतील, तरी खोलीत काहीही केलं तरी एकूण आकडा फारसा हलणार नाही. युरोपातून येणाऱ्याचा विमानप्रवास तर जाऊन-येऊन माणशी टनाच्या वर जातो. जगात पर्यटनाचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ८ टक्के मानला जातो, आणि त्यातही प्रवासाचा हिस्सा मोठा आहे. तो हिस्सा आपल्या मोहर्लीतही असा दिसतो.

‘पण पाहुण्याने कशाने यावं हे माझ्या हातात कुठे आहे?’ असं तुमच्या मनात येईल. दर वेळी मला हेच विचारतात. थोडंसं हातात आहे, आणि ते थोडंसंच फार मोठं आहे.

पाहुणा विमान का घेतो? बहुतेक वेळा आवडीने नाही, नाइलाजाने. सफारीची तारीख आणि गेट पक्कं होतं, मग तो रेल्वेचं तिकीट बघायला बसतो, तोवर वेटिंग शंभरावर गेलेलं असतं. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तुमच्याकडे खोली बुक झाली की प्रवासाची तारीख वहीत लिहा, ६० दिवस मागे मोजा, आणि आदल्या संध्याकाळी पाहुण्याला व्हॉट्सॲपवर निरोप द्या: उद्या सकाळी आरक्षण उघडतंय, मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आहे, पुण्याहून आझाद हिंद आहे, नागपूरला सकाळी उतरा, पुढचं मी बघते. नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या वरोरा, भांदक, चंद्रपूर याच मार्गाने जातात. सगळ्या सगळीकडे थांबत नाहीत, म्हणून गाडीची वेळ अन् थांबा तुम्ही स्वतः तपासून द्या. मुंबईच्या माणसाला भांदक आणि भद्रावती एकच हे माहीत नसतं. ही एवढी माहिती कुणी हातात ठेवली की निम्मी धाकधूक तिथेच संपते.

यात एक अडचण नक्की येईल. दुसऱ्या एका गावातल्या होमस्टेला मी हेच सुचवलं होतं. पहिल्याच महिन्यात गाडी चार तास उशिरा आली, पाहुण्यांची दुपारची सफारी बुडाली, पैसे परत मिळाले नाहीत, आणि राग निघाला घरमालकावर. चूक माझ्या सल्ल्यात होती, कारण येण्याच्या दिवशी सफारी ठेवायचीच नाही हे मी सांगितलं नव्हतं. आता मी ते पहिलं सांगतो. येण्याचा दिवस मोकळा ठेवा. संध्याकाळी इरई धरणाच्या काठाने चालत फिरवा, पक्षी दाखवा, जेवायला घाला, लवकर झोपवा. पहाटेच्या सफारीला तो माणूस ताजातवाना असतो, आणि उशिरा आलेल्या गाडीचं कुणाला काही वाटत नाही.

त्या गावात दुसऱ्या हंगामात आणखी एक चांगली गोष्ट झाली. चार होमस्टेवाल्यांनी मिळून चंद्रपूर स्टेशनवर दिवसाला दोन ठरलेल्या वेळी एकच मोठी गाडी पाठवायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाची वेगळी बोलेरो धावायची, निम्म्या फेऱ्या रिकाम्या. गेटजवळच्या होमस्टेवाल्यांत चढाओढ असते हे मला ठाऊक आहे. पण स्टेशनच्या गाडीपुरतं तरी तुमच्या शेजाऱ्यांशी बोलून बघा. डिझेलचे पैसे सगळ्यांचेच वाचतात.

मुक्काम वाढवण्याबद्दल सगळे सल्लागार सांगतात, मीही सांगतो, पण त्यातली एक मेख आधी समजून घ्या. विमानाने आलेलं तेच कुटुंब दोनऐवजी चार रात्री राहिलं तर प्रवासाचे ६९५ तेवढेच राहतात, आवारातले दुप्पट होऊन १२४ होतात. कुटुंबाचा रात्रीमागचा आकडा ३७८वरून २०५वर येतो. फॉर्ममध्ये हे फार छान दिसतं. पण हवेत गेलेला धूर ७५७वरून ८१९ झालाय, वाढलाय. खरी घट केव्हा? त्या कुटुंबाने वर्षातून दोनदा धावतपळत येण्याऐवजी एकदाच निवांत यायचं ठरवलं तर. म्हणून जुन्या पाहुण्यांना तसंच सांगा: पुढच्या वेळी शनिवार-रविवार जोडून येऊ नका, आठवडाभर या, मी दर कमी लावते. आणि मधला मंगळवार कामाला लावा. मंगळवारी जंगल बंद म्हणून पाहुणे तो दिवस टाळतात. त्या दिवशी भद्रावतीची विजासन लेणी आणि जैन मंदिर, वरोऱ्याचं आनंदवन, चंद्रपूरचा गोंड राजांचा किल्ला आणि महाकाली मंदिर, यातलं काहीही एका दिवसात जवळच्या जवळ होतं. बाहेरगावच्या माणसाला वाघापलीकडचा चंद्रपूर कुणी दाखवतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

नागपूर-यवतमाळचा पाहुणा कमी खर्च करतो म्हणून त्याला दुय्यम समजू नका. कार्बनच्या हिशेबात तो तुमचा सगळ्यात चांगला पाहुणा. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतो तेव्हा, आणि आडवारी, त्याच्यासाठी वेगळा दर ठेवा.

आता घरात येऊ. इथे खर्च आहे, पण तुमचं वीजबिलही उतरतं.

आपल्याकडचा खरा शत्रू आहे तापलेला स्लॅब. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून पाहुणे तेव्हाच गर्दी करतात, आणि तेव्हाच पारा ४५च्या पुढे असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. एसी पाहुण्याच्या अंगाला गारवा देण्यापेक्षा त्या स्लॅबशीच झुंजतो. म्हणून मी पहिला खर्च छतावर करायला लावतो. मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. त्यावर बांबूचा मांडव घालून तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरा, हातभर जागा मोकळी सोडून, म्हणजे मधून वारा वाहील. आग लागणार नाही याची काळजी घ्या, स्वयंपाकघराच्या धुराड्यापासून मांडव लांब ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येत असेल तर तिथेही आडोशाचा ताटवा बांधा. आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या, मी फक्त भिंतीला तापमापक लावून खात्री करून घेतली. एका ठिकाणी छताच्या आतल्या बाजूचं तापमान दुपारी सात अंशांनी उतरलं होतं. तुमच्याकडे नेमकं किती उतरेल ते स्लॅबच्या जाडीवर आणि सावलीवर ठरेल.

मग कूलर. डेझर्ट कूलर दोनशे वॉटच्या आत चालतो, रात्रीचे दोन युनिट. एसीचे दहा-अकरा. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या कोरड्या हवेत, अगदी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातसुद्धा, वाळ्याच्या ताट्यांचा चांगला कूलर एसीच्या तोडीचं काम करतो, वर वाळ्याचा वास. मुंबईच्या पाहुण्याला कूलर म्हणजे गैरसोय वाटते, कारण त्याच्या दमट गावात तो चालतच नाही. त्याला आल्यावर अर्धा तास खोलीत बसू द्या, मग विचारा. दोन अटी मात्र आहेत. कूलरला पाणी लागतं, मेमध्ये तुमच्या बोअरला किती टिकतं ते बघूनच ठरवा. आणि पाऊस सुरू झाल्यावर, तसंच ऑक्टोबरच्या उकाड्यात, कूलरने फक्त ओल वाढते. म्हणून एसी काढून टाका असं मी म्हणत नाही. खोलीत दोन्ही ठेवा, कूलरच्या खोलीचा दर कमी आणि एसी लावला तर वेगळे पैसे, हे दारातच लिहून ठेवा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त लोक मग कूलर घेतात.

एसीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही मी स्वतः चुकून शिकलो. दहा-बारा वर्षांपूर्वी नागझिऱ्याकडच्या एका लॉजचा हिशेब करत होतो. चौदा एसी. वीज मोजली, डिझेल मोजलं, सिलिंडर मोजले, अहवाल दिला. तिसऱ्या वर्षी मालक सहज म्हणाले, एसीत गॅस भरायचा खर्च फार वाढलाय. बिलं मागवली तर एका हंगामात नऊ किलो आर-२२ भरला होता. म्हणजे नऊ किलो गळाला होता. हा वायू किलोमागे सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. नऊ किलोचे सोळा टन. त्या लॉजच्या हंगामभराच्या विजेचे होते सतरा-साडेसतरा टन. जवळजवळ तेवढंच उत्सर्जन तीन वर्षं माझ्या अहवालात नव्हतंच. गळती सापडली गच्चीवर, वानरं तांब्याच्या नळीवर बसून उड्या मारायची आणि जोड ढिले झाले होते. भर म्हणजे भरायला येणारा मेकॅनिक उरलेला जुना गॅस दर वेळी हवेत सोडून द्यायचा.

तुमच्या प्रत्येक एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाटी असते, त्यावर गॅसचं नाव आणि वजन असतं. आर-२२ किंवा आर-४१०ए असेल तर गळती फार महाग, दोन्हींचा परिणाम किलोमागे दोन हजार किलोंच्या आसपास. आर-३२चा सुमारे ६७५. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम अगदी नगण्य, पण तो पेट घेतो, म्हणून तो भरायला शिकलेलाच माणूस लागतो. नळ्यांना पत्र्याचं किंवा पीव्हीसीचं झाकण घाला. मेकॅनिकला आधी गळती शोध, मग गॅस भर, असं सांगा, आणि जुना गॅस बाटलीत काढून घेणारा माणूसच बोलवा. चंद्रपुरात शोधलं तर मिळतो, थोडे पैसे जास्त घेतो.

गरम पाण्यावर फार लिहीत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सफारीआधी सहाही गिझर एकदम सुरू होतात. छतावर सौर बंब बसवा, हा निर्णय कुणालाही चुकलेला मी पाहिला नाही. एक अडचण, पाहुणा पहाटे साडेचारला आंघोळ करतो, तेव्हा पाणी आदल्या दिवशीचं असतं, म्हणून टाकीचं आवरण चांगलं जाड बघून घ्या. हिवाळ्यातली शेकोटी खोलीगणिक पेटवू नका, अंगणात सगळ्यांची मिळून एकच. ते लाकूड शेवटी जंगलातूनच कुणीतरी डोक्यावर आणलेलं असतं, आणि बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, लाकडाला जाणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

उष्ट्या अन्नाचा खड्डा घराजवळ असेल तर तो मिथेन सोडतो आणि रानडुकरं, अस्वलं, कुत्री बोलावतो, कुत्र्यांमागे बिबट येतो. घरी चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस जमतो. त्याला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, त्यात उष्टं मिसळता येतं, आणि चांगला चालला तर दिवसाला जवळपास पाऊण-एक किलो सिलिंडरच्या गॅसएवढी आंच मिळते. पण रोज शेण कालवणारा हात घरात आहे का, हे आधी ठरवा. बंद पडलेला, फटी पडलेला गोबरगॅस मिथेनच सोडत बसतो, तो नसलेला बरा. जनावरं नसतील तर साधं कंपोस्ट, वर पालापाचोळा, आठवड्याला उलथापालथ. ताटात गावचाच तांदूळ, लाखोळीची डाळ, पाटवडी रस्सा, रानभाज्या असू द्या. नागपूरहून बर्फात येणारं पनीर पाहुण्याला त्याच्या घरीही मिळतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

सोलर जरूर लावा, पण शेवटी. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो. तीन किलोवॉटचे वर्षाला चार हजारांवर युनिट, म्हणजे अडीच-तीन टन वाचले. विमान सोडून रेल्वेने आलेलं एक कुटुंब ५६० किलो वाचवतं. पाच कुटुंबं तुम्ही रेल्वेवर वळवलीत की तुमच्या छतावरच्या पॅनेलचं वर्षाचं काम झालं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, बिल कमी करतं, म्हणून घ्यायचंच. फक्त आधी छत गार करा, पंखे बदला, मग उरलेल्या गरजेएवढं पॅनेल घ्या. आधी मोठं पॅनेल लावलं की काय होतं तेही पाहिलंय. पेंचच्या बाजूला एका मालकांनी ‘वीज आता फुकट’ म्हणून चार खोल्यांना नव्याने एसी बसवले आणि दुसऱ्या वर्षी पूर्वीपेक्षा जास्त युनिट बाहेरून घेतले. तुमची वीजजोडणी घरगुती आहे की व्यावसायिक, हे मात्र आधी बघा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते घरगुती ग्राहकाला.

इलेक्ट्रिक जिप्सीने आवाज आणि धूर थांबतो, जंगलासाठी ते फार चांगलं. पण ती चार्ज होणार कशावर? तुमच्या अंगणातून जे इरईचं पाणी दिसतं, तेच चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. २,९२० मेगावॉटचं, कोळशावरचं. त्या विजेवर चार्ज केलेली गाडी किलोमीटरमागे पेट्रोल जिप्सीपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी सोडेल. सफारीचं एकूण उत्सर्जन मुळात लहान, त्याचा तिसरा हिस्सा आणखी लहान. शिवाय गेटवर नोंदलेली गाडी बदलायला वनविभागाची परवानगी लागते, आणि तीन लाखांत ती होणार नाही. भावाची सध्याची गाडी थकेल तेव्हा विचार करा, आणि तोवर छतावर सोलर आलेलं असू द्या. आजच्या आज त्यांना एवढंच सांगा, जिप्सीत सहा जागा भरूनच निघायचं, आणि वाघाची वाट बघत थांबले की इंजिन बंद.

झाडांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला फार तर दहा-वीस किलो शोषतं. विमानाने आलेल्या एका कुटुंबाचे ७५७ किलो एका वर्षात फेडायला चाळीस ते पंचाहत्तर मोठी झाडं हवीत, आणि तुम्ही लावणार ते बोटभर रोप, जे चंद्रपूरचा पहिला मे काढेल की नाही याचीच शंका. झाडं लावा, पण ती खोल्यांच्या पश्चिमेला लावा, कडुनिंब आणि करंज, आठ-दहा वर्षांत सावली भिंतीवर येईल आणि एसी कमी चालेल. वावराच्या धुऱ्यावर बांबू लावा. आणि पाहुण्यांकडून जंगलासाठी पैसे घ्यायचेच असतील तर जिथे ग्रामसभा आपलं जंगल स्वतः राखते तिथे द्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून आपल्या भागात अशी गावं वाढली आहेत. उभं जंगल टिकवण्याला माझ्या मते नव्या रोपांपेक्षा जास्त किंमत आहे. मात्र त्या पैशांवर पाटीवर ‘कार्बनमुक्त होमस्टे’ लिहू नका. विमानाचा हिशेब समजणारा एखादा पाहुणा एक प्रश्न विचारेल आणि तुमच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जाईल.

तीन लाख मी असे लावेन. दर गावागणिक बदलतात, हा फक्त अंदाज आहे. छताचा चुना, मांडव आणि ताटवे यांना पंचवीस-तीस हजार. चार कूलर, चाळीसेक हजार. सगळीकडे तीस वॉटच्या आतबाहेरचे बीएलडीसी पंखे, जुने पंचाहत्तर वॉट खातात, त्यांना वीस-पंचवीस हजार. सौर बंब, पन्नास-साठ हजार. उरलेल्या दीडेक लाखात बसेल तेवढं सोलर. स्टेशनच्या गाडीला आणि साठ दिवसांच्या निरोपाला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ते याच आठवड्यात सुरू करा. तुमच्याकडे जनरेटर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि लाइन गेल्यावर रात्री नुसत्या पंख्यांसाठी चालत असेल, तर सोलरच्या आधी बॅटरीवरचा इन्व्हर्टर घ्या, कारण कमी भारावर चालणारा जनरेटर युनिटमागे किलोभर, कधी त्याहून जास्त सोडतो.

कंपनीचा फॉर्म भरताना ‘स्कोप’ या शब्दाने घाबरू नका. पहिला स्कोप म्हणजे तुमच्या आवारात आणि गाडीत जळलेलं: पेट्रोल, डिझेल, सिलिंडर, आणि एसीतून गळालेला गॅस. दुसरा म्हणजे विकत घेतलेली वीज. तिसरा म्हणजे बाकी सगळं, पाहुण्याचा प्रवासही त्यातच. बऱ्याच कंपन्या पहिले दोनच मागतात, कारण तिसऱ्यात त्यांनी स्वतः विकलेलं विमानाचं तिकीट येतं. तुम्ही तिन्ही भरा, आणि सोबत लिहून पाठवा की आमच्याकडे येणाऱ्यांना रेल्वेचं तिकीट धरूनच पॅकेज विका, स्टेशनवरून आम्ही आणतो.

आणि हे सगळं भरायला आकडे लागतील, ते अंदाजाने लिहू नका. उद्या एक दोनशेपानी वही घ्या. रोज सकाळी सहाला मीटरचं रीडिंग, नवीन सिलिंडर लावला तर तारीख, जिप्सीत भरलेलं पेट्रोल, कोणत्या खोलीत कूलर आणि कोणत्या खोलीत एसी चालला, आणि आलेला प्रत्येक पाहुणा कुठून, कशाने, किती जणांसह आला. तीन महिन्यांची पानं झाली की त्यांचे फोटो मला पाठवा, सोबत सहाही एसींच्या पाट्यांचे. मग तुमचा फॉर्म आपण बसून भरू.